भोपाळची खोली सोडून घरी परतलं, तर भत्त्याचं काय होतं?

मुलताईकडची अनुसूचित जातीतली एक मुलगी धरू. भोपाळच्या सरकारी कॉलेजात बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. अशोका गार्डनमध्ये तिघींनी मिळून खोली घेतलेली, दोन वेळचा डबा लावलेला. वडील दुसऱ्याच्या शेतात राबतात. दिवाळीनंतर आई अंथरुणाला खिळते आणि घरून फोन येतो की बाई, आता इकडेच राहा, पेपरापुरती भोपाळला जा. मुलगी निघायला तयार असते, पण एक प्रश्न तिला आणि तिच्या बापाला सारखाच छळतो. खात्यात जे सरकारी पैसे येतात ते घरी राहिल्यावर बंद होतील का? आणि आलेले परत मागतील का?

मध्य प्रदेशातल्या कॉलेजांच्या छात्रवृत्तीच्या खिडकीवर याची उत्तरं माणसागणिक बदलतात. कुणी म्हणतं सगळंच बंद होतं, कुणी म्हणतं सांगूच नको. दोन्ही सल्ले चुकीचे. तिच्या खात्यात येणारे पैसे एकाच योजनेचे नाहीत आणि प्रत्येक योजना तिच्या घराकडे वेगळ्या नजरेनं पाहते. तिच्या बाबतीत खरं उत्तर असं आहे: एक रक्कम पूर्ण थांबते, दुसरीला बहुधा काहीच होत नाही. आणि तिच्या वर्गातल्या एखाद्या मैत्रिणीला ‘गाँव की बेटी’ योजनेचे महिना 500 रुपये दहा महिने मिळत असतील, तर त्या पैशांचा ती सध्या कुठे राहते याच्याशी संबंधच नाही. ते गावात राहून बारावीत पहिला वर्ग मिळवल्याचे आहेत.

हे नीट कळायला थोडं मागं जावं लागतं. शिकण्यासाठी घर सोडलेल्या मुलाचं पोट कोण भरणार, हा प्रश्न मराठी मुलखाला नवा नाही. सोमवारी अमक्याच्या घरी, मंगळवारी तमक्याच्या, असे वार लावून जेवणाऱ्या पोरांच्या पिढ्या होऊन गेल्या. ती सोय मोठी होती, पण जातीच्या उंबरठ्यापाशी थांबायची. ज्यांना कुणाच्याच ओसरीवर पान मांडलं जात नव्हतं, त्यांच्यासाठी वसतिगृह हाच मार्ग होता. कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1901 साली व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग उभं केलं, 1908 साली अस्पृश्य मुलांसाठी मिस क्लार्क बोर्डिंग निघालं, आणि भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यात सर्व जातींची मुलं एका पंगतीला बसवली. सरकारनं या कामासाठी थेट विद्यार्थ्याच्या हाती पैसे द्यायला सुरुवात केली ती 1944 साली. अनुसूचित जातींसाठीची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती तेव्हाची, आणि ती आजही चालू आहे.

या शिष्यवृत्तीत फी वेगळी आणि निर्वाहाचे पैसे वेगळे. निर्वाहाच्या पैशांना दोन दर आहेत, एक वसतिगृहात राहणाऱ्याचा आणि एक घरून येणाऱ्याचा, म्हणजे डे-स्कॉलरचा. 2010 मध्ये ठरलेल्या दरांनी इंजिनीअरिंग-मेडिकलच्या पहिल्या गटात वसतिगृहातल्याला महिना 1,200 आणि डे-स्कॉलरला 550 रुपये होते. बी.ए., बी.कॉम., बी.एस्सी.च्या तिसऱ्या गटात 570 आणि 300. अकरावी-बारावी आणि आयटीआयच्या चौथ्या गटात 380 आणि 230. डिसेंबर 2020 मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं अनुसूचित जातींची योजना नव्यानं मांडली. खर्चाचा साठ टक्के वाटा केंद्राचा, चाळीस टक्के राज्याचा असं ठरलं, आणि महिन्याच्या दराऐवजी वर्षाची रक्कम आली. पहिल्या गटात 13,500 आणि 7,000, दुसऱ्यात 9,500 आणि 6,500, तिसऱ्यात 6,000 आणि 3,000, चौथ्यात 4,000 आणि 2,500.

आता बी.ए.च्या मुलीचा फरक पाहा. वर्षाला तीन हजार, म्हणजे महिन्याला अडीचशे रुपये. भोपाळात अडीचशे रुपयांत महिन्याचा गॅसही निघत नाही. हा फरक वाचवण्यासाठी कुणी पत्ता लपवत असेल तर ते शहाणपण नव्हे. इंजिनीअरिंगच्या मुलाला फरक 6,500 चा पडतो. तो जाणवतो, पण त्यापायी घरी परतायचं की नाही हे ठरवावं इतका नाही.

त्यातही गंमत अशी की मुलताईच्या आपल्या मुलीला वसतिगृहाचा दर मुळात मिळतच नसण्याची शक्यता जास्त. 2010 च्या नियमावलीनं वसतिगृहाची व्याख्या केली आहे. संस्थेच्या देखरेखीखालची निवासाची इमारत आणि सर्वांची मिळून एक मेस, हे वसतिगृह. कॉलेजकडे जागा नसेल तर बाहेरची जागाही चालते, पण ती प्राचार्यांनी पाहून मान्य केलेली हवी, आणि किमान पाच विद्यार्थ्यांनी मिळून भाड्यानं घेतलेली हवी. अशोका गार्डनमधल्या खोलीत तिघी आहेत. खोली बघायला कुठले प्राचार्य जिना चढून जाणार? म्हणजे कागदावर ती पहिल्या दिवसापासून डे-स्कॉलर असणार. घरी परतल्यानं तिच्या या 3,000 रुपयांना धक्का लागायचं कारण नाही. ती शिकत राहिली आणि तिची हजेरी भरत राहिली, की पुरे.

याच नियमावलीत आणखी एक कलम होतं, ते वाचून मी हिशोब दोनदा मांडला. ज्या विद्यार्थ्याला राहणं किंवा जेवण फुकट आहे, त्याला वसतिगृहाच्या दराचा फक्त एक तृतीयांश द्यायचा. म्हणजे सरकारी छात्रावासात फुकट राहणाऱ्या बी.ए.च्या मुलाला 570 चे 190 रुपये, आणि तोच मुलगा घरी गेला तर डे-स्कॉलर म्हणून 300. घरी परतल्यावर भत्ता वाढतो! अर्थात 110 रुपये वाढले तरी रोजचं ताट गेलं, हे कुठल्याही आईला सांगावं लागणार नाही. पण ‘घरी गेलं की पैसे कापले जातात’ हे सरसकट विधान किती कच्चं आहे, ते यातून दिसतं.

खरा प्रश्न दुसऱ्या रकमेचा आहे. मध्य प्रदेश सरकारची ‘आवास सहायता योजना’ नेमकी आपल्या मुलीसारख्यांसाठी आहे: अनुसूचित जाती-जमातीचे, मॅट्रिकनंतरचं शिक्षण घेणारे, कॉलेजात नियमित नाव असलेले, छात्रावासात जागा न मिळालेले आणि म्हणून घरापासून दूर भाड्याच्या खोलीत राहणारे विद्यार्थी. भोपाळ, इंदूर, जबलपूर, ग्वाल्हेर आणि उज्जैन या पाच शहरांत महिना 2,000 रुपये, इतर जिल्ह्यांच्या ठिकाणी 1,250, तहसील आणि विकासखंडाच्या ठिकाणी 1,000. अर्ज ‘एमपी-टास’ या पोर्टलवर भरायचा, सोबत किरायानामा जोडायचा, मग कॉलेजची पडताळणी. ही खऱ्या अर्थानं घराबाहेर राहण्याची मदत आहे. तिच्यात डे-स्कॉलरचा कमी दर नावाची पायरीच नाही. खोली आहे तर पैसे आहेत, खोली सोडली की पैसे संपले. मुलताईला कायमचं परतल्यावर या 2,000 वर तिचा हक्क राहत नाही, आणि न राहणं योग्यच आहे. तिच्यासारखीच दुसरी मुलगी कुठल्याशा गावाहून येऊन भोपाळात खोली शोधत असते.

मग ‘परतणं’ म्हणजे काय? नियमांची भाषा इथे आपल्या जगण्यापेक्षा तोकडी पडते. सरकारी कागदाला विद्यार्थी एकतर इथे असतो किंवा तिथे. शेतावर पोट असलेल्या घरातली पोरं तशी राहत नाहीत. बैतूल-मुलताईकडे सोयाबीन काढायला आलं की पंधरा दिवस घरी, लग्नसराईत घरी, परीक्षा संपली की घरी. या काळात घरमालक भाडं सोडत नाही, कारण खोली धरून ठेवायची असेल तर पैसे मोजावेच लागतात. याला घरी परतणं म्हणता येणार नाही. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या 2010 च्या नियमांत तर स्पष्टच होतं की निर्वाह भत्ता प्रवेशाच्या महिन्यापासून वार्षिक परीक्षा संपेपर्यंत द्यायचा, सुट्ट्या धरून. सुट्टीत घरी जाणाऱ्याचे पैसे कापावेत असं सरकारच्याही मनात नव्हतं. उलट सरकारच घरी जायला तिकिटात सवलत देतं. संस्थेचं गाव आणि घरचं गाव यांच्यातल्या प्रवासाला रेल्वे साध्या वर्गात विद्यार्थ्यांना 50 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या विद्यार्थ्यांना 75 टक्के सूट देते. मार्च 2020 मध्ये बऱ्याच सवलती गुंडाळल्या गेल्या, त्यातही विद्यार्थ्यांची टिकली.

माझ्या मते कसोटी तीन गोष्टींची आहे. भाडं चालू आहे का, सामान तिथे आहे का, आणि सुट्टी संपल्यावर वर्गात बसायला ती तिथूनच जाणार आहे का. तिन्हींना हो असेल तर ती घरी गेलेली आहे, परतलेली नाही. दिवाळीनंतर आईपाशी महिनाभर राहून पुन्हा भोपाळला यायचं असेल, तर कुठल्या भत्त्याची काळजी करायचं कारण नाही. काळजी करायची ती हजेरीची.

मधला प्रकार अप-डाउनवाल्यांचा, आणि भोपाळात त्यांची संख्या दांडगी आहे. सीहोर चाळीसेक किलोमीटरवर, विदिशा साठाच्या आत, नर्मदापुरम पंचाहत्तरच्या आसपास. या गावांतली कितीतरी पोरं पहिल्या वर्षी हौसेनं खोली घेतात आणि दुसऱ्या वर्षी ती सोडून सकाळची गाडी धरतात. इथे घरी परतण्याचा हिशोब पुष्कळदा फायद्याचा निघतो. विदिशाच्या मुलीनं भोपाळची खोली सोडली तर आवास सहायतेचे 2,000 जातील. पण मुलींना पदवीपर्यंत घर ते संस्था असा दुसऱ्या वर्गाचा मासिक पास रेल्वे फुकट देते. मुलांना ती सोय बारावीपर्यंतच, पुढे सवलतीचा पास. खोलीचं भाडं आणि डब्याचे पैसे मिळून 2,000 च्या बरेच वर जात असतील, आणि भोपाळात ते जातातच, तर भत्ता गेल्याचं दुःख करण्यापेक्षा खर्च गेल्याचं समाधान मोठं. मात्र रोजचे तीन-चार तास गाडीत जातात आणि थंडीत धुक्यानं गाड्या रखडतात, हे हिशोबाच्या वहीत लिहिलेलं नसतं. मुलताईला हा पर्यायच नाही. ती भोपाळपासून दोनशे किलोमीटरच्या पलीकडे, आणि मासिक पास 150 किलोमीटरपर्यंतच निघतो.

आणखी एक प्रकार लोकांच्या लक्षातच येत नाही: विद्यार्थी हलत नाही, घरच त्याच्याकडे येतं. वडिलांची बदली भोपाळला झाली, किंवा कामाच्या शोधात अख्खं कुटुंब मंडीदीपच्या कारखान्यांकडे आलं आणि भोपाळात बिऱ्हाड केलं. मुलगा त्याच कॉलेजात आहे, फक्त आता आई-बापाजवळ राहतो. आवास सहायतेच्या दृष्टीनं तोही घरी परतलेलाच. मदत आहे ती घर आणि कॉलेज यांच्यामधल्या अंतराची. ते अंतर कुणी कमी केलं याला महत्त्व नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात ओळखीचं बरंच सापडेल. 2016-17 पासूनची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना याच विचारावर उभी आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्याला मुंबई, पुणे, नागपूर यांसारख्या शहरांत वर्षाला 60,000 रुपये मिळतात. त्यात भोजनाचे 32,000, निवासाचे 20,000 आणि निर्वाहाचे 8,000. विद्यार्थी त्या शहराचा रहिवासी नसावा, ही अट पहिल्यापासून आहे. आदिवासी विद्यार्थ्यांची पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनाही याच वळणाची. भोपाळच्या 2,000 शेजारी नागपूरचे 60,000 ठेवले की पांढुर्ण्याच्या मराठी घरांत उसासे निघतात. नागपूर त्यांना भोपाळपेक्षा कितीतरी जवळ, भाषाही घरचीच. पण स्वाधारला महाराष्ट्राचा अधिवास लागतो. सरहद्दीच्या अलीकडे जन्मलं की दर वेगळा, असा हा मामला.

संशोधन करणाऱ्यांकडे गेलं की गणित उलटंच होतं. भौंरीच्या आयसरमध्ये किंवा मॅनिटमध्ये पीएच.डी. करणाऱ्या ज्युनियर रिसर्च फेलोला जानेवारी 2023 पासून महिना 37,000 रुपये मिळतात. संस्थेनं वसतिगृह दिलं नाही आणि त्यानं स्वतःची सोय केली, तर वर घरभाडे भत्ता. भोपाळ केंद्राच्या वर्गवारीत ‘वाय’ शहर आहे, तिथला सध्याचा दर 20 टक्के, म्हणजे 7,400 रुपये. हा भत्ता घराबाहेर राहण्याचा नाही, डोक्यावरच्या छपराचा आहे. त्यामुळे भोपाळचाच मुलगा वडिलांच्या स्वतःच्या मालकीच्या घरात राहायला गेला, म्हणून तो आपोआप जात नाही. जातो तो वेगळ्याच कारणानं. केंद्र सरकारच्या घरभाडे नियमांनुसार आई-वडिलांना सरकारनं किंवा सार्वजनिक उपक्रमानं दिलेल्या निवासस्थानात राहणाऱ्याला हा भत्ता नाही. आता भोपाळ हे शहरच क्वार्टरांचं. इथे वस्त्यांची नावंसुद्धा बाराशे पन्नास, अकराशे क्वार्टर, चौहत्तर बंगले अशी, आणि पलीकडे पिपलानी-बरखेडा म्हणजे भेलच्या कामगारांची अख्खी नगरी. दोन मित्र एकाच प्रयोगशाळेत, दोघंही घरी परतले. एकाचे वडील कोलारमध्ये स्वतःच्या घरात, दुसऱ्याचे पिपलानीच्या क्वार्टरमध्ये. पहिल्याचे 7,400 चालू राहू शकतात, दुसऱ्यानं ते मागू नयेत. वडील निवृत्त होऊन क्वार्टर सोडतील त्या महिन्यापासून मात्र त्याचंही चित्र बदलेल.

बाहेरच्या देशांत हे जरा सरळ मांडलेलं दिसतं. इंग्लंडमध्ये निर्वाह कर्जाच्या कमाल रकमाच कुठे राहता यावर वेगवेगळ्या आहेत. 2025-26 साठी आई-वडिलांजवळ राहणाऱ्याला 8,877 पौंड, लंडनबाहेर स्वतंत्र राहणाऱ्याला 10,544, लंडनमध्ये 13,762. वर्षाच्या मध्यात घरी परतलं तर कळवायचं, रक्कम नव्यानं मोजली जाते. जर्मनीच्या विद्यार्थी मदतीत 2024 च्या हिवाळी सत्रापासून राहण्यासाठी 380 युरो आहेत, आई-वडिलांकडे राहत असल्यास फक्त 59. मूळ निर्वाहाचे 475 दोघांनाही सारखेच. आपल्याकडे फी, पोट आणि छप्पर यांचे पैसे एकाच गाठोड्यात बांधलेले असतात, म्हणून एक गेलं की सगळंच गेलं असं वाटतं.

सांगूच नको म्हणणाऱ्यांचा सल्ला का चुकीचा, तेही पाहू. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीच्या नियमांत खोट्या माहितीवर पैसे घेतल्याचं आढळलं तर शिष्यवृत्ती रद्द, रकमेची वसुली आणि विद्यार्थी काळ्या यादीत, असा क्रम आहे. काळ्या यादीचा अर्थ कुठल्याही योजनेतून पुढे शिष्यवृत्ती नाही. महिना 2,000 रुपयांसाठी पुढच्या एम.ए.-बी.एड.ची दारं लावून घेणं कुणालाच परवडणारं नाही. त्याहून मोठा धोका वेगळा आहे. घरी परतलेली मुलगी हळूहळू कॉलेजच सोडते. शिक्षण मध्येच सोडलं तर राज्य सरकार त्या वर्षाची शिष्यवृत्ती परत मागू शकतं, हेही नियमात आहे. आणि ‘आता भोज मुक्त विद्यापीठातून कर’ असं घरचे सुचवतात तेव्हा आणखी एक खाचखळगा लागतो. 2010 च्या नियमांत पत्राद्वारे शिकणाऱ्याला अभ्यासक्रमाची फी आणि पुस्तकांचे वर्षाला 1,200 रुपये होते, निर्वाह भत्ता नव्हता. घरी राहून नियमित कॉलेजात नाव असणं आणि घरी राहून बाहेरून परीक्षा देणं, यांत सरकारी वहीत बराच फरक पडतो.

म्हणून मुलताईच्या मुलीनं करायचं ते एवढंच. खोली ज्या महिन्यात सोडली तो महिना लिहून प्राचार्यांच्या नावे अर्ज द्यायचा, आवक शिक्का मारलेली प्रत जवळ ठेवायची, घरमालकाकडून शेवटच्या भाड्याची पावती घ्यायची. त्या महिन्यापर्यंतची आवास सहायता तिच्या हक्काची आहे, ती उशिरा आली तरी घ्यायची. पुढच्या वर्षी पुन्हा भोपाळात खोली घेतली तर पुन्हा अर्ज करायचा. एकदा थांबली म्हणून ती कायमची बुडत नाही.

आणि आईच्या आजारपणात वार्षिक परीक्षाच हुकली तर? नियमावलीत त्यासाठीही एक वाट ठेवली आहे. आजारपण किंवा आधी न कळणारं संकट यामुळे परीक्षेला बसता आलं नाही, याचा पुरावा संस्थाप्रमुखांना पटला आणि बसली असती तर उत्तीर्ण झाली असती असं त्यांनी लिहून दिलं, तर पुढच्या वर्षीची शिष्यवृत्ती मिळू शकते. मात्र ते लिहून देताना प्राचार्य आधी हजेरीपुस्तक उघडतील, तेव्हा दिवाळीपर्यंतचे तिचे दिवस भरलेले असायला हवेत.